ट्यूब टाकण्याआधीची पाच मिनिटं



भुलेखाली असलेल्या माणसाला काही कळत नाही, असं आपण धरून चालतो. माणसाला कळत नसेल, पण त्याच्या शरीराला बरंच काही कळत असतं. शिरेतून औषध गेलं, डोळे मिटले, पापणीला बोट लावलं तरी ती हलत नाही, स्नायू सैल करणारं औषधही लागू पडलं. मग भूलतज्ज्ञ लॅरिंगोस्कोपचं पातं तोंडात घालून जिभेचं मूळ उचलतो आणि स्वरतंतू दिसले की त्यांच्यामधून श्वासनलिकेत ट्यूब सरकवतो. सरावलेल्या हाताला हे पंधरा-वीस सेकंदांचं काम. तेवढ्याने तिशीतल्या निरोगी माणसाचा १२० असलेला वरचा रक्तदाब १६०-१७० वर जाऊ शकतो, नाडी सत्तरवरून शंभराच्या पुढे पळते. ही उसळी थोपवण्यासाठी अफूच्या कुळातली औषधं, म्हणजे ओपिऑइड्स, गेली पन्नासेक वर्षं वापरली जात आहेत. ती वापरणं योग्य आहे असं माझं मत आहे. पण अनेकदा ती चुकीच्या वेळी दिली जातात आणि वेळेची ही चूक मात्रा वाढवून भरून काढली जाते. त्या वाढीव मात्रेची किंमत रुग्ण पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत चुकवतो. आजच्या व्याख्यानात मला एवढंच मांडायचं आहे, आणि ते पुराव्यानिशी मांडायचं आहे.

आधी ही उसळी येते कुठून ते पाहू. जिभेचं मूळ, घशाची मागची भिंत, एपिग्लॉटिस आणि स्वरयंत्र या भागाची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या नवव्या आणि दहाव्या मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या देठापर्यंत जाते. श्वासाच्या वाटेत काही अडकलं तर सगळं शरीर खडबडून जागं व्हावं, अशी ही निसर्गाची योजना आहे. देठातून हुकूम सुटतो तो सिंपथेटिक मज्जासंस्थेला: रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जोराने आणि भराभर धडधडतं, मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. झोपेचं औषध जाणीव पुसतं. हा मार्ग ते पुरता बंद करत नाही. श्वसनमार्गाला झालेल्या त्रासाचे हृदयावर उमटणारे पडसाद रीड आणि ब्रेस यांनी १९४० मध्येच नोंदवले होते. भूल दिलेल्या रुग्णांत लॅरिंगोस्कोपी आणि ट्यूब यांमुळे रक्ताभिसरणात काय घडतं, याचं पद्धतशीर वर्णन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये केलं. १९८७ मध्ये श्रिबमन, स्मिथ आणि अकोला यांनी एक साधी पण फार उपयोगी विभागणी केली. काही रुग्णांत त्यांनी नुसतं पातं घालून पाहिलं, काहींत ट्यूबही टाकली. रक्तदाब आणि रक्तातली अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं नुसत्या पात्यानेही वाढली. ट्यूबने त्यात मुख्यतः नाडीची भर घातली. याचा अर्थ, जिभेच्या मुळावर पडणारा ताण हाच रक्तदाब वाढवणारा मोठा घटक आहे. म्हणून पातं तोंडात किती वेळ राहतं आणि किती जोराने उचललं जातं, याला महत्त्व आहे. पहिल्या प्रयत्नात, हलक्या हाताने, पंधरा सेकंदांत झालेलं काम हे स्वतःच एक औषध आहे, आणि त्याला दुष्परिणाम नाहीत.

या उसळीचं स्वतःचं घड्याळ आहे. पातं लागल्यावर काही सेकंदांत ती सुरू होते, मिनिटभराच्या आसपास कळस गाठते आणि पाच ते दहा मिनिटांत विरते. माझा पुढचा सगळा युक्तिवाद या आकड्यांवर उभा आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावेत अशी विनंती करतो.

पाच-दहा मिनिटांत विरणाऱ्या गोष्टीची एवढी चिंता कशाला, असं कुणी विचारेल. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. ज्याच्या रक्तवाहिन्या लवचीक आहेत आणि हृदय धडधाकट आहे, तो माणूस जिना चढताना याहून फार कमी ताण घेतो असं नाही. पण सगळ्यांचं शरीर सारखं नसतं. ऑक्सफर्डच्या प्रिस-रॉबर्ट्स यांनी १९७१ मध्ये दाखवलं की उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत, त्यातही ज्यांचा दाब ताब्यात नाही त्यांच्यात, ही उसळी जास्त उंच जाते आणि तिच्या आधी भुलेच्या औषधाने येणारी घसरणही जास्त खोल असते. एकाच रुग्णात दरी आणि शिखर दोन्ही, तेही काही मिनिटांच्या अंतराने. मेंदूतल्या रक्तवाहिनीवर फुगा आलेल्या रुग्णात हेच शिखर तो फुगा फोडू शकतं. गरोदरपणातला रक्तदाब वाढून झटक्यांच्या उंबरठ्यावर आलेल्या स्त्रीच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसात धोका येतो तो नाडीच्या वाटेने. हृदयाचा स्नायू आपलं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत घेतो. नाडी वाढली की ठोक्याचा काळ फारसा घटत नाही, विश्रांतीचा काळ मात्र झपाट्याने घटतो. गरज वाढते त्याच क्षणी पुरवठा आटतो.

या ठिकाणी टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटमधल्या स्लोगॉफ आणि कीट्स यांच्या १९८५ च्या अभ्यासाकडे जरा थांबून पाहायला हवं. बायपास शस्त्रक्रियेच्या १,०२३ रुग्णांच्या हृदयालेखात त्यांनी रक्तपुरवठा तुटपुंजा पडल्याच्या खुणा शोधल्या. ज्यांच्यात त्या दिसल्या त्यांच्यापैकी ६.९ टक्के रुग्णांना हृदयाचा झटका आला. ज्यांच्यात दिसल्या नाहीत त्यांच्यात हे प्रमाण २.५ टक्के होतं. आणि या खुणांचा संबंध जुळला तो जलद नाडीशी. वाढलेल्या रक्तदाबाशी जुळला नाही. हा अभ्यास माझ्या बाजूचा म्हणून मी सांगतो आहे, पण त्यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जवळजवळ निम्म्या घटना भूल सुरू होण्याआधीच घडल्या होत्या, आणि बऱ्याच घटना नाडी व रक्तदाब ठीक असतानाही घडल्या. म्हणजे ट्यूबच्या क्षणावर सगळं खापर फोडता येत नाही. तरी एक गोष्ट त्यातून निघते: या क्षणी आपल्याला आवरायची आहे ती प्रामुख्याने नाडी. नेमक्या याच कामात ओपिऑइड इतर औषधांपेक्षा सरस ठरतात, कारण मेंदूच्या देठात ज्या केंद्रांपाशी घशाची संवेदना पोहोचते, तिथेच त्यांचे ग्राहक (रिसेप्टर) दाटीने आहेत. ते येणारी वर्दी मुळाशीच मंद करतात आणि त्याच वेळी व्हेगस या मज्जातंतूचा लगाम आवळून नाडी खाली ठेवतात. हृदयाच्या स्नायूची आकुंचनशक्ती मात्र ते फारशी कमी करत नाहीत.

शेवटचा हा गुण प्रथम ठसठशीतपणे पुढे आला तो हृदयशस्त्रक्रियेत. लोवेनस्टाइन आणि बोस्टनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये महाधमनीच्या झडपेच्या रुग्णांना किलोमागे १ मिलिग्रॅम मॉर्फिन शिरेतून दिलं, म्हणजे वेदनेसाठी आपण देतो त्याच्या दहापट, आणि रक्ताभिसरण ढासळलं नाही. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास फेंटानिल तयार केलं होतं. ते मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट प्रभावी. १९७८ मध्ये स्टॅन्ली आणि वेबस्टर यांनी केवळ फेंटानिल आणि प्राणवायू यांवर हृदयशस्त्रक्रियेची भूल देऊन दाखवली. त्या प्रचंड मात्रांनंतर रुग्णाला तासन्‌तास व्हेंटिलेटरवर ठेवावं लागे. हृदयशस्त्रक्रियेत तेव्हा त्याला तसंही ठेवलंच जाई. साध्या शस्त्रक्रियेत हे परवडणारं नव्हतं, म्हणून प्रश्न झाला तो कमीत कमी पुरेशा मात्रेचा. काउट्टो यांच्या १९८२ च्या अभ्यासाने त्याला आकडा दिला: किलोमागे २ मायक्रोग्रॅम फेंटानिलने उसळी लक्षणीय कमी होते, ६ मायक्रोग्रॅमने ती जवळजवळ नाहीशी होते. हे निष्कर्ष खरे आहेत. पण माझ्या मते त्यांचा वारसा थोडा घातक ठरला. दोन चांगले, सहा त्याहून चांगले, असा त्यांचा अर्थ मनात रुजला, आणि मॉनिटरवरची सपाट रेघ हेच यश मानलं जाऊ लागलं.

किलोमागे सहा मायक्रोग्रॅम दिलेलं फेंटानिल ट्यूब टाकून झाल्यावर शरीरातून निघून जात नाही. आता औषधाचं घड्याळ पाहा. शिरेत गेलेलं फेंटानिल रक्तातून मेंदूत उतरून पुरा परिणाम दाखवायला साडेतीन ते चार मिनिटं घेतं. दक्षिण कोरियातल्या को आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याची सरळ परीक्षा घेतली. किलोमागे २ मायक्रोग्रॅम एवढीच मात्रा त्यांनी ट्यूबच्या १, ३, ५ किंवा १० मिनिटं आधी दिली, आणि उसळी सर्वांत चांगली आवरली गेली ती पाच मिनिटं आधी दिलेल्यांत. मात्रा तीच, औषध तेच; फरक फक्त घड्याळाचा. जो भूलतज्ज्ञ झोपेच्या औषधाबरोबर किंवा त्यानंतर फेंटानिल देऊन दोन मिनिटांत ट्यूब टाकतो, त्याला उसळी दिसते. तो म्हणतो, मात्रा कमी पडली; पुढच्या खेपेला वाढवतो. वाढवलेल्या मात्रेचा चढता भाग ट्यूबच्या क्षणी पुरेसा ठरतो खरा, पण तिचा कळस येतो उसळी ओसरताना.

आणि तेव्हा काय चाललेलं असतं? ट्यूब चिकटपट्टीने बांधून झाली आहे. रुग्णाची जागा नीट केली जाते, लघवीची नळी घातली जाते, पोट स्वच्छ करून हिरवी कापडं अंथरली जातात. कात्री-चिमटे मोजले जातात, सर्जन हात धुऊन येतात. सुरी लागायला दहा, पंधरा, कधी वीस मिनिटं लागतात, आणि या काळात शरीराला डिवचणारं काहीही नसतं. वर प्रोपोफॉल या झोपेच्या औषधाने रक्तवाहिन्या सैल केलेल्या, श्वासातून जाणारा भुलेचा वायू चालू, आणि फेंटानिलने सिंपथेटिक यंत्रणेचा हात बांधलेला. रक्तदाब खाली जातो तो इथे. ही घसरण साधी नाही. क्लीव्हलँड क्लिनिकच्या वॉल्श आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हृदयाव्यतिरिक्त अन्य ३३,३३० शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. सरासरी रक्तदाब ५५ च्या खाली अगदी काही मिनिटं राहिला तरी मूत्रपिंडाची आणि हृदयस्नायूची इजा जास्त प्रमाणात आढळली. नोंदींच्या अभ्यासातून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही, हे मान्य आहे. पण मिनिटभराच्या चढाला भिऊन दहा मिनिटांचा उतार ओढवून घेणं, या सौद्याच्या बाजूने मला तरी कुठे भक्कम पुरावा दिसत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही, आणि त्याला वेगळा वेळही लागत नाही. झोपवण्याआधी रुग्णाच्या तोंडावर मास्क धरून तीन मिनिटं शुद्ध प्राणवायू देण्याची रीत सर्वत्र आहे. फेंटानिल त्या तीन मिनिटांच्या सुरुवातीला, सावकाश, द्यावं. पुढे झोपेचं औषध, मग स्नायू सैल करणारं. व्हेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियम वापरत असाल तर त्याची स्वतःची तीनेक मिनिटं आहेतच. ट्यूब टाकायच्या वेळी पाच-सहा मिनिटं आपसूक झालेली असतात. मात्रा वजनावर ठरवावी. आपल्याकडे फेंटानिलच्या दोन मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतात, आणि एक माणूस, एक अँप्यूल असा हिशेब हाताला पटकन बसतो. ४५ किलोच्या बाईला त्यातून किलोमागे २.२ मायक्रोग्रॅम मिळतात, ९० किलोच्या पुरुषाला १.१. म्हातारपणी तर हिशेब आणखी बदलतो. स्कॉट आणि स्टॅन्स्की यांनी १९८७ मध्ये मेंदूच्या विद्युतलेखावरून दाखवलं की विशीपासून नव्वदीपर्यंत जाताना फेंटानिलची गरज निम्म्यावर येते, आणि याचं कारण मेंदूची वाढलेली संवेदनशीलता हे आहे. नव्वदीकडे झुकलेल्या रुग्णाला तरुणाची मात्रा देणं म्हणजे त्याला जवळजवळ दुप्पट देणं.

जागेपणी फेंटानिल दिल्यावर रुग्ण खोकतो, श्वास मंदावतो, छाती ताठ होते, असा आक्षेप या क्रमावर घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. छाती ताठरण्याचा संबंध मोठ्या मात्रेशी आणि झटक्यात टोचण्याशी आहे; खोकलाही सावकाश दिल्याने कमी होतो. श्वास मंदावतो, पण या मात्रेत रुग्ण हाकेला ओ देतो; "मोठा श्वास घ्या" म्हटलं की घेतो. तोंडावर प्राणवायू आहे, शेजारी भूलतज्ज्ञ उभा आहे. मात्र अतिलठ्ठ रुग्ण, झोपेत घोरून श्वास अडणारा रुग्ण, ज्याच्या घशातली वाट अवघड वाटते असा रुग्ण, यांच्यासाठी मी हा क्रम सुचवणार नाही. तिथे श्वास गमावण्याचा धोका रक्तदाबाच्या उसळीहून मोठा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नाडी आवरायची आहे तर थेट नाडीवरच काम करणारी औषधं का नकोत? एस्मोलॉल आहे, काही मिनिटांत उतरतं. ट्यूबपुरता मी त्याचा विरोधक नाही. जिथे ओपिऑइड नको तिथे ते चांगला पर्याय आहे. पण त्याने वर्दी थांबत नाही, वर्दीचा एक परिणाम झाकला जातो. आकडा सुधारणं आणि रुग्ण सुधारणं यांत किती अंतर असू शकतं, हे २००८ च्या पॉइज चाचणीने दाखवलं. शस्त्रक्रियेच्या काळात मेटोप्रोलॉल हे नाडी मंद करणारं औषध दिलेल्या आणि न दिलेल्या ८,३५१ रुग्णांची त्यात तुलना होती. हृदयाचे झटके कमी झाले. पक्षाघात आणि मृत्यू वाढले. ती चाचणी दिवसेंदिवस दिलेल्या गोळ्यांची होती, ट्यूबच्या क्षणाची नव्हती, म्हणून तिचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे चिकटवणं चूक ठरेल. मी तिच्याकडून एवढंच घेतो की नाडीचा आकडा हा साध्य नव्हे.

अलीकडे ओपिऑइड पूर्णपणे वगळून भूल द्यावी असा एक प्रवाह आहे. व्यसनाची भीती, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ, वेदनेची वाढणारी संवेदनशीलता, ही त्यामागची कारणं हलकी नाहीत. अमेरिकेत फेंटानिलने रस्त्यावर जो संहार मांडला आहे तो पाहिल्यावर नाव ऐकूनच माणूस दचकतो. पण भूल देताना मोजून दिलेले शंभर मायक्रोग्रॅम आणि रस्त्यावरची पूड यांत फक्त रेणू समान आहे. आणि पर्यायाचीही परीक्षा झाली आहे. फ्रान्समध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पोफा चाचणीत एका गटाला रेमिफेंटानिल हे ओपिऑइड, दुसऱ्याला ओपिऑइड नसलेलं डेक्समेडेटोमिडिन दिलं होतं. डेक्समेडेटोमिडिनच्या गटात नाडी अतिमंद होण्याच्या गंभीर घटना घडल्याने चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. ओपिऑइड वगळलं म्हणजे धोका वगळला, असं होत नाही.

थांबायला वेळच नसतो अशा प्रसंगांचं काय, हा प्रश्न उरतो. पोट भरलेलं, आतडं अडलेलं, किंवा तातडीचं सिझेरियन. इथे झोपेचं औषध आणि ट्यूब यांत मिनिटभराचंच अंतर ठेवावं लागतं. सिझेरियनमध्ये आणखी एक जीव आहे. आईला दिलेलं ओपिऑइड बाळाचा श्वास मंद करतं, म्हणून बाळ बाहेर येईपर्यंत ते न देण्याची जुनी शिकवण आहे. निरोगी आईच्या बाबतीत ती मला पटते. पण वरचा दाब १६० च्या पुढे गेलेल्या, डोकं ठणकणाऱ्या मातेच्या बाबतीत तीच शिकवण पाळणं म्हणजे बाळाचा श्वास वाचवायला आईचा मेंदू पणाला लावणं. रेमिफेंटानिल रक्तातल्या आणि ऊतींतल्या एस्टरेजांनी भराभर मोडतं आणि दीड मिनिटात पुरं लागू होतं; त्याचं घड्याळ उसळीच्या घड्याळाशी सर्वांत जवळून जुळतं. हाँगकाँगमध्ये न्गान की यांनी २००६ मध्ये सिझेरियनच्या ४० स्त्रियांवर चाचणी केली. किलोमागे १ मायक्रोग्रॅम रेमिफेंटानिलने आईची उसळी चांगली आवरली. त्या गटातल्या वीसपैकी दोन बाळांना नालोक्सोन हा ओपिऑइडचा उतारा द्यावा लागला. बाळासाठी उतारा आहे आणि त्याला श्वास देणारा हात शेजारी उभा करता येतो. मेंदूत झालेल्या रक्तस्रावाला उतारा नाही.

आपल्याकडे या चर्चेला एक वेगळी अडचण आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवाने आणि नोंदवह्यांच्या जाचाने रुग्णालयांतली अफूजन्य औषधं आटली. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढून परवान्याची वाट सोपी केली. तरीही लहान गावातल्या रुग्णालयात कपाट उघडल्यावर अनेकदा हाती लागतं ते पेंटाझोसिन. ते वेदना कमी करतं, पण स्वतःच नाडी आणि रक्तदाब वाढवू शकतं. ट्यूबची उसळी थोपवायला ते चुकीचं औषध आहे. फेंटानिल स्वस्त आहे आणि त्याला खसखशीचं शेतही लागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात ते न मिळण्याचं वैद्यकीय कारण एकही नाही, आणि ते मिळवून देणं हे माझ्या मते आपल्या व्यवसायाच्या संघटनांचं काम आहे.

हे सगळं पडताळायचं कसं? भुलेच्या कागदावर रक्तदाब दर पाच मिनिटांनी लिहिण्याचा प्रघात आहे, आणि यंत्राचा पट्टाही बहुधा तेवढ्याच अंतराने फुगतो. मिनिटभरात कळस गाठणारी उसळी अशा दोन मापांच्या मधून निसटते, आणि नंतरची घसरण पाच मिनिटं जुनी होऊन कळते. मॉनिटरवर हे अंतर एका मिनिटावर आणता येतं. फेंटानिल दिल्यापासून सर्जनची सुरी लागेपर्यंत ते तिथेच ठेवावं.